दादांची सायकल कोणत्या सालची?

जुन्या सायकलला आपल्या गावांत दोन भाव मिळतात. एक भंगारवाल्याचा, तो काट्यावर, किलोने ठरतो. दुसरा ऐकीव गोष्टींचा. कोणीतरी सांगून जातो, "अस्सल इंग्लंडची आहे, शंभर वर्षांची आहे, शहरात लाखाला जाईल," आणि घरातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. पहिल्या भावात वस्तू मातीमोल जाते, दुसऱ्या भावात भावाभावांत बोलाचाली होते. दोन्ही टाळायचे असेल तर आधी दोन साध्या प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात : ही सायकल कोणी बनवली, आणि कधी बनवली?

घाटंजीसारख्या कापसाच्या गावात सायकल ही एकेकाळी घरातली फार मोलाची वस्तू होती. जिनिंगमधला फिटर, शाळेचा मास्तर, पोस्टमन, कापडाचे गाठोडे घेऊन पारव्याच्या किंवा पांढरकवड्याच्या वाटेला लागणारा फेरीवाला, यांची सगळी रोजीरोटी या दोन चाकांवर होती. मुले दांड्याखालून पाय घालून कैची शिकली ती याच सायकलींवर. आज आमच्या मोहल्ल्यांत अशा सायकली पऱ्हाटीच्या ढिगामागे, गोठ्यात किंवा माळ्यावर गंजत पडलेल्या दिसतात. त्या मरहूम दादांच्या किंवा नानांच्या असतात, एवढेच घरच्यांना ठाऊक असते. पण लोखंड बोलते. त्याला विचारायचे कसे, ते मात्र शिकून घ्यावे लागते.

आधी घराणे ओळखा

पहिली नजर हँडलखालच्या उभ्या नळीवर टाकावी. तिथे कंपनीचा धातूचा बिल्ला रिव्हेट किंवा बारीक स्क्रूने बसवलेला असतो. जुने बिल्ले बहुधा पितळेचे असत. वरचा रंग उडाला तरी उठावाचे काम राहते. बोटाने चाचपले तरी आकृती लागते, आणि प्रत्येक कंपनीची आकृती ठरलेली होती.

बगळ्याचे डोके असेल तर घराणे रॅलेचे. फ्रँक बाऊडेन या गृहस्थाने १८८७ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरातील रॅले स्ट्रीटवरचा एक लहानसा कारखाना हाती घेतला. रस्त्याचे नाव कंपनीला मिळाले. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका असतील तर बीएसए. ही बर्मिंगहॅमची कंपनी मुळात १८६१ मध्ये बंदुका बनवण्यासाठी निघाली, सायकली नंतर आल्या. तोफ असेल तर रॉयल एनफिल्ड, उघडा पंजा असेल तर रज. हर्क्युलिस हीही बर्मिंगहॅमची, १९१० मध्ये निघालेली.

बिल्लाच नसेल तर? तो हरवलेला असणे अगदी साहजिक आहे. मग पॅडलजवळच्या मोठ्या दातेरी चाकाकडे पाहावे. जुन्या कंपन्या आपली खूण या चाकाच्या नक्षीतच कापून काढीत. रॅलेच्या चाकात बगळ्यांच्या माना दिसतात, बीएसएच्या चाकात तीच तीन अक्षरे किंवा बंदुका, हंबरच्या चाकात हात पसरून उभ्या असलेल्या माणसांची साखळी. हंबरची आणखी एक खूण लांबूनही ओळखू येते : पुढच्या चाकाचा चिमटा प्रत्येक बाजूला एका नळीचा नसून दोन-दोन बारीक नळ्यांचा असतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. सत्तर वर्षांत सायकलचे पुष्कळ भाग बदलले जातात. टायर, ट्यूब, चेन, फ्रीव्हील, पॅडल, सीट, घंटी हे तर बदलतातच. म्हणून सीटवर ब्रूक्सचे नाव आहे किंवा दिव्यावर लुकास लिहिले आहे, तेवढ्यावरून सायकल इंग्लंडची ठरत नाही. घरधन्याने चांगली सीट बाजारातून वेगळी घेऊन बसवलेली असू शकते. जे भाग क्वचितच बदलतात त्यांची साक्ष जास्त वजनाची मानावी : फ्रेम, चिमटा, दातेरी चाक आणि चाकांचे हब.

एकच नाव, दोन देश

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. बिल्ल्यावर रॅले, हंबर, रज किंवा हर्क्युलिस वाचले की आपण लगेच म्हणतो, इंग्लंडची. पण स्वातंत्र्यानंतर हीच नावे घेऊन आपल्या देशात कारखाने उभे राहिले.

बंगालमध्ये आसनसोलजवळ सुधीरकुमार सेन यांनी रॅले कंपनीच्या सहकार्याने सेन-रॅलेचा कारखाना उभारला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथून सायकली बाहेर पडू लागल्या. रॅले, हंबर, रज आणि रॉबिनहूड ही नावे तिथल्या सायकलींवर लागत. मद्रासकडे मुरुगप्पा घराण्याने इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सशी भागीदारी करून १९४९ मध्ये टी. आय. सायकल्स ही कंपनी काढली. तिच्या अंबत्तूरच्या कारखान्यातून हर्क्युलिस आणि फिलिप्स निघू लागल्या, पुढे बीएसएही. म्हणजे बिल्ल्यावरच्या नावावरून घराणे कळते, देश कळत नाही. देश कळायला त्याच बिल्ल्याची सर्वांत खालची ओळ वाचावी लागते. तिथे नॉटिंगहॅम, इंग्लंड आहे की इंडिया आहे? नेमकी हीच ओळ सर्वांत आधी झिजते, आणि सांगोवांगीच्या गोष्टींना रान मोकळे मिळते.

आपल्या स्वतःच्या नावांच्या सायकलीही होत्या. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना स्वातंत्र्याच्या आधीपासून चालू होता. जानकीदास कपूर यांनी १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलास सुरू केली. लुधियानात १९५६ मध्ये मुंजाल बंधूंनी हीरो सायकल बनवायला घेतली. पुढे सेन-रॅले आणि हिंद सायकल्स या दोन्ही कंपन्या तोट्यात गेल्या आणि १९८०च्या एकाच कायद्याने सरकारने त्यांचे राष्ट्रीयीकरण केले. आसनसोलची झाली सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, वरळीची झाली नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन. यापैकी एखादे नाव सायकलवर छापलेले सापडले, तर तो माल त्यानंतरचा, हे डोळे मिटून सांगता येते.

हीरो या नावाची कहाणी आपल्या घरांत सांगावी अशी आहे. मुंजाल बंधू फाळणीपूर्वी अमृतसरमध्ये सायकलच्या सुट्या भागांचा व्यापार करीत. मुंजाल घराणे स्वतः सांगत आले आहे की, तिथे करीम दीन नावाचे एक कारागीर सायकलच्या सीट बनवत आणि त्या 'हीरो' नावाने विकत. १९४७ मध्ये ते पाकिस्तानात जायला निघाले तेव्हा ओमप्रकाश मुंजाल यांनी त्यांच्याकडे हे नाव वापरण्याची परवानगी मागितली. करीम दीन यांनी ती दिली. पुढे १९८६ मध्ये हीच हीरो जगात सर्वांत जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात नोंदली गेली. ज्या दिवसांत माणसे एकमेकांची घरे जाळीत होती, त्या दिवसांत एका सीट बनवणाऱ्याने आपले नाव मागे ठेवून दिले.

नंबर म्हणजे साल नव्हे

घराणे कळले, देश कळला, आता साल. बहुतेक लोक फ्रेमवरचा नंबर शोधतात आणि तो वाचून साल ठरवतात. नंबर सीटच्या नळीच्या वरच्या जोडावर, पॅडलच्या एक्सलची आडवी नळी असते तिच्या खाली, किंवा मागचे चाक बसते त्या खाचेजवळ ठोकलेला असतो. पण नंबरात १९३८ असे आकडे आले म्हणून सायकल १९३८ची होत नाही. कारखान्याचा तो अनुक्रमांक असतो. त्या कारखान्याची वही हाती असेल तरच त्याचा अर्थ लागतो. तरीही तो नंबर उतरवून ठेवावाच, कारण सायकलची ती कायमची ओळख आहे.

नंबर वाचता येत नसेल तर तो खरवडू नये. जुना दातांचा ब्रश रॉकेलमध्ये बुडवून हलक्या हाताने चोळावे. चूल, विडी, अगरबत्ती लांब ठेवावी. पुसून कोरडे झाले की खडूची भुकटी बोटाने त्यावर फिरवावी, खोलगट आकड्यांत पांढरा रंग भरतो आणि आकडे उमटतात. पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासली तरी चालते. मुले नाण्याचा ठसा घेतात ना, अगदी तसेच.

खरोखर साल सांगणारी जागा काही सायकलींत असते : मागच्या चाकाचा हब. स्टर्मी-आर्चर या कंपनीचा तीन गिअरचा हब असेल, तर त्याच्या पोटावर नावाजवळ बारीक आकडे ठोकलेले असतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हबवर आधी साल आणि मग महिना असतो. ५२ आणि पुढे ४ असेल, तर हब एप्रिल १९५२चा. मात्र ते हबचे साल आहे. चाक नंतर बदललेले असेल, तर फ्रेम त्याहून जुनी असू शकते. आपल्याकडच्या साध्या सायकलींत गिअरचा हब फारसा सापडत नाही, म्हणून आपल्याला साल दुसऱ्या वाटेने शोधावे लागते.

ती वाट अशी. एकदम साल सांगायच्या फंदात पडूच नये. आधी ठरवावे, 'ही याच्या आधीची असू शकत नाही.' मग ठरवावे, 'ही याच्या नंतरची असू शकत नाही.' दोन कुंपणे घातली की मधला तुकडा आपोआप लहान होत जातो. फ्रेम आसनसोलची निघाली, तर पहिले कुंपण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पडले. कंपनीच्या किंवा दुकानाच्या लेबलवर पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल, तर ते लेबल १९७२नंतरचे, कारण पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला.

बिल्ला, पावती आणि पेटीतले कागद

दुसरे कुंपण बहुधा लोखंडात सापडत नाही, घरातल्या पेटीत सापडते. पूर्वी सायकलवर कर होता. कर भरला की नगरपालिका पितळेचा किंवा पत्र्याचा छोटा बिल्ला देत असे आणि तो सायकलला बांधावा लागे. त्यावर वर्ष कोरलेले असे. हे बिल्ले आजही खिळ्यांच्या डब्यात, किल्ल्यांच्या जुडग्यात, शिवणयंत्राच्या खणात सापडतात. ज्या वर्षाचा बिल्ला, त्या वर्षी सायकल घरात होती. म्हणजे ती त्यानंतरची नाही.

पावती सापडली तर फारच उत्तम, आणि तिच्यावरची तारीख फाटलेली असली तरी हताश होऊ नये. आपल्या वऱ्हाडाच्या पावत्यांत साल लपवता येत नाही. सुरुवातीचे कागद 'सी. पी. अँड बेरार'चे असतात. १९५०पासून प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले आणि आपला यवतमाळ जिल्हाही त्याच राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ला तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०पासून महाराष्ट्रात आहे. दुकानाच्या छापील पत्त्यात राज्य कोणते आहे एवढे पाहिले, तरी पावतीचा काळ हाताशी येतो. अर्थात दुकानदार जुनी पावतीबुके संपेपर्यंत वापरतात, म्हणून वर्ष-दोन वर्षांची ढील द्यावी.

तसेच रकमेचे रकाने पाहावेत. रुपये, आणे, पै असे तीन रकाने असतील तर व्यवहार जुन्या नाण्यांचा. १ एप्रिल १९५७पासून दशमान नाणी आली आणि कागदांवर 'नये पैसे' दिसू लागले. १९६४मध्ये त्यातला 'नये' शब्द गेला आणि नुसते पैसे उरले. शाळेत मुलांना आम्ही हे सांगतो तेव्हा इतिहासाच्या पुस्तकातल्या सनावळ्या त्यांना एकदम आपल्या घरातल्या वाटू लागतात.

एका घरातली सायकल

हे सगळे कसे उपयोगी पडते ते घाटंजीतल्याच, आमच्या ओळखीच्या एका घरात पाहायला मिळाले. घरातले दादा जिनिंगमध्ये फिटर होते. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांची सायकल मागच्या पडवीत होती. घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट चालत आलेली : इंग्रज साहेब विलायतेला जाताना खूश होऊन दादांना सायकल देऊन गेला. मध्यंतरी बाहेरगावचा एक गिऱ्हाईक आला. त्याने सायकल फिरवून पाहिली आणि १९३०ची विलायती रॅले म्हणून भंगाराच्या कितीतरी पट रक्कम सांगितली. थोरल्या मुलाला वाटले, विकून पैसे वाटून घ्यावेत. धाकटा म्हणाला, अब्बांची निशाणी विकायची नाही. दोघांचे बोलणे कमी झाले. त्यांची नात आमच्या वर्गात. तिनेच विचारले, "सर, ती खरंच साहेबाची आहे का, हे कळेल?"

आम्ही शाळेतली चार मुले आणि मोहल्ल्यातले म्हातारे मिस्त्री चाचा यांना घेऊन गेलो. बिल्ल्यावर बगळा होता, घराणे रॅलेचे हे कळायला वेळ लागला नाही. खालची ओळ काळ्या थराखाली गेलेली. मुलांनी तेलाच्या बोळ्याने ती हळूहळू मोकळी केली. अक्षरे लागली ती इंडियाची. म्हणजे सायकल आसनसोलची. आसनसोलच्या सायकली बाजारात येईपर्यंत इंग्रज साहेब जाऊन वर्षे झाली होती. पहिले कुंपण पडले, आणि साहेबाची गोष्ट त्याच्या बाहेर राहिली.

मग दादींनी आपली पेटी उघडली. एका रुमालात निकाहनाम्यासोबत दोन वस्तू होत्या. एक पितळी बिल्ला, गावाचे नाव झिजलेले, पण वर्ष स्पष्ट : १९५७-५८. दुसरी सायकलच्या दुकानाची पावती. तारखेचा आणि किमतीचा कोपरा कसरीने खाल्लेला. पण दुकानाच्या पत्त्यात मध्य प्रदेश छापलेले, रकाने रुपये, आणे, पैचे, आणि घेणाऱ्याच्या जागी दादांचे पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि मोहल्ला. दोन्ही कुंपणे जुळली. सायकल १९५०च्या दशकाच्या पहिल्या सहा-सात वर्षांतली होती आणि दादांनी ती दुकानातून, पैसे मोजून घेतली होती.

सगळे गप्प होते. थोरला मुलगा जरा खट्टू झालेला दिसला. विलायती किंमत गेली होती. तेव्हा दादी म्हणाल्या, "साहब की नहीं, मेरे कड़ों की है ये." लग्नातले चांदीचे कडे मोडून त्यांनी पैसे दिले होते. जिनिंगच्या रात्रपाळीहून पायी यायला लागते म्हणून. दादांनी ही गोष्ट चारचौघांत कधी सांगितली नसावी. बायकोचे दागिने मोडले म्हणण्यापेक्षा साहेबाने दिली म्हणणे त्या काळच्या पुरुषाला सोपे गेले असेल. दादींनीही त्यांचा शब्द कधी खोडला नव्हता.

साठ-पासष्ट वर्षे एका घराची कमाई साहेबाच्या नावावर लागली होती. ती त्या दुपारी परत आली. सायकल विकली गेली नाही. पावतीच्या झेरॉक्स काढून दोन्ही मुलांनी आपापल्या फाइलीत ठेवल्या. वडिलांचे नाव, आजोबांचे नाव आणि मोहल्ला एकत्र लिहिलेला इतका जुना कागद आजच्या दिवसांत काय कामाचा असतो, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

मिस्त्रींचा हात

त्या दिवशी मिस्त्री चाचांनी एक गोष्ट केली ती मुलांच्या मनात बसली. बिल्ल्याची ओळ मोकळी व्हायच्या आधीच त्यांनी पॅडलच्या एक्सलचा कप चाचपून सांगितले होते, "हा रॅलेचाच आटा आहे, दुसरा कप यात बसणार नाही." हे खरे आहे. रॅले आपल्या या भागाला इंचात २६ आटे पाडीत असे. इतर बहुतेक कंपन्यांचे २४. पुस्तक न वाचता ही गोष्ट त्यांच्या बोटांना ठाऊक होती, कारण पन्नास वर्षे त्यांनी असे कप बसवले, काढले, आणि न बसणारे परत केले.

'पंक्चरवाले' हा शब्द आपल्या मुलांना टोमणा म्हणून ऐकावा लागतो. शाळेत, बाजारात, मोबाइलवर. ऐकून मुले खाली पाहतात. त्यांनी खाली पाहू नये. पंक्चर काढणे हे मेहनतीचे आणि हलालचे काम आहे, एवढेच उत्तर पुरे आहे. पण त्यापलीकडेही काही आहे. ज्या मिस्त्रीकडे हवा भरायला माणसे थांबतात, त्याच्या डोक्यात या देशातल्या सायकलींचा सगळा इतिहास असतो : कोणत्या कंपनीचे लोखंड कसे, कोणाचा चिमटा वाकत नाही, कोणता हब कोणत्या काळात यायचा. हे ज्ञान कुठे छापलेले नाही. घाटंजीत, आर्णीत, पुसदमध्ये, जिथे जिथे असे सत्तरी ओलांडलेले उस्ताद अजून दुकानाच्या फळीवर बसतात, तिथे आपल्या मुलांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. ते गेले की त्यांच्यासोबत ही विद्याही जाईल.

ठेवायची तर कशी, विकायची तर कशी

सायकल ठेवायची ठरली तर पहिला मोह आवरावा : तिला रंग देऊ नये. नवा रंग दिला की बिल्ल्याभोवतीच्या खुणा, नळीवरची सोनेरी रेघ, लेबलचे तुकडे, सगळे पुसले जाते. सँडपेपर तर लावूच नये. कोरड्या फडक्याने धूळ झटकावी, गंजावर हलके तेल लावून मऊ कापडाने पुसावे, आणि हवा गेलेल्या टायरवर उभी न ठेवता सायकल टांगून किंवा लाकडी ठोकळ्यांवर ठेवावी. पावसाळ्यात ओल लागणार नाही अशी जागा निवडावी. निखळलेले स्क्रू, कॉटर पिन, जुनी घंटी फेकू नये. एका डब्यात भरून सायकलजवळच ठेवावी.

अशा सायकलींना आदराची जागा देणारी माणसे महाराष्ट्रात आहेत. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी आपला अनेक वर्षांचा संग्रह मांडून २०१७ मध्ये सायकलींचे संग्रहालय सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसएने बनवलेली, मधोमध दुमडणारी सायकल तिथे पाहायला मिळते. मुलांची सहल पुण्याला जात असेल, तर शनिवारवाड्यासोबत हेही दाखवावे. आपल्या गोठ्यात पडलेल्या वस्तूचा जातभाई काचेपलीकडे मानाने उभा असलेला पाहिला की मुलांची नजर बदलते.

विकायची असेल तर विकण्यात काही गैर नाही. घरात अडचण असते, जागा नसते, औषधपाण्याला पैसे लागतात. पण जे आहे तेच सांगून विकावे. आसनसोलची सायकल विलायती म्हणून देऊ नये, आणि कोणी विलायती सायकल लोखंडाच्या भावात मागत असेल तर घाईने देऊ नये. वारसांपैकी एकानेच परस्पर सौदा करू नये. आधी ओळख पटवावी, सर्वांसमोर सांगावी, मग ठरवावे. निम्मी भांडणे माहिती नसल्यानेच होतात.

शेवटी एक छोटे काम. येत्या रविवारी घरातली जुनी सायकल उजेडात आणा. मुलांच्या वहीचे एक पान घ्या आणि त्यावर एवढे लिहा : बिल्ल्यावरची आकृती, बिल्ल्याची खालची ओळ, दातेरी चाकाची नक्षी, फ्रेमचा नंबर, हबवरची अक्षरे आणि आकडे, कराचा बिल्ला असल्यास त्याचे वर्ष, पावती असल्यास तिच्यावरचे नाव आणि राज्य. प्रत्येकाचा दिवसाउजेडी फोटो काढा. मग खालच्या अर्ध्या पानावर घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारून लिहा, सायकल आली तेव्हा घरात काय चालले होते. पुरुषांना विचारालच, पण बायकांना आधी विचारा. पैसे कुठून आले होते, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते.